राजसबाईची काचपट्टी

डॉक्टर अलमेलूंनी मानाजीला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. "बघा. निळे ठिपके दिसतात?"

मद्रासजवळच्या तांबरम स्टेशनात तिकिटं देणाऱ्या मानाजीला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग ठिपके दिसले. काही बारीक, काही फुगलेले, वेडेवाकडे. त्याच्या बायकोच्या गर्भाशयाच्या तोंडावरून पुसून घेतलेला स्राव काचपट्टीवर होता.

"कॅन्सर. तपासताना हातालाच लागला होता. पार पसरलाय. शस्त्रक्रिया होणार नाही. दुखणं कमी व्हावं म्हणून क्ष-किरणांचे शेक देऊ, तेवढंच."

"नजर चुकली असेल, अम्मा. अमेरिकेत काचपट्ट्या बघणारं यंत्र बनवताहेत, पेपरात आलं होतं. तिकडे पाठवली तर?"

डॉक्टर रागावल्या नाहीत. "ते यंत्र धडधाकट दिसणाऱ्या हजारो बायकांतून एखादी वेळेवर हुडकायला. यांचं मला नुसत्या डोळ्यांनी दिसतंय. रक्त कधीपासून जातंय?"

मानाजीनं थोरल्या बहिणीकडे पाहिलं. सकवारबाई विधवा झाल्यापासून त्याच्याचकडे होती. घरातलं सोवळं-ओवळं तीच बघे.

"गेल्या आडी महिन्यापासून, आमच्या आषाढापासून," ती म्हणाली. "पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. परत आली, म्हणून मी तिला लांब बसवत होते."

"गेलेली पाळी अशी परत येत नाही, बाई."

"मला काय ठाऊक? शेजारणी म्हणायच्या, राजसबाईला म्हातारपणी पालवी फुटली. आम्ही हसायचो. तीही हसायची."

मानाजीही हसला होता. तिच्या लांब बसण्याच्या दिवसांत अक्का ताट वाढायची, तो जेवून कामावर जायचा. हल्ली ती महिन्यातून कितीदा बसते, हे पुरुषानं विचारायची त्यांच्यात रीत नव्हती.

तो बाहेर आला, मागोमाग सकवारबाई. राजसबाई बाकाच्या टोकाशी बसली होती. तो शेजारी टेकला तशी ती आणखी सरकली.

"अहो, शिवू नका. अजून जातंय. उगीच आंघोळ पडेल तुम्हाला. काय म्हणाल्या डॉक्टरीण?"

"शेक देणार आहेत."

"मग मी स्वयंपाकघरात कधी यायचं?"

मानाजीनं तिचा हात धरला. "आजच ये."

तिनं घाबरून नणंदेकडे पाहिलं. सकवारबाईनं पदर तोंडाशी धरला होता. तिनं नको म्हटलं नाही.

"वन्सं चालेल म्हणताहेत! म्हणजे थांबणार तर हे जाणं," राजसबाई म्हणाली. तिचा चेहरा उजळला.

मानाजीनं होकाराची मान हलवली.