तिच्या उशाशी मी होतो

मी पांढरा काटेधोत्रा बोलतोय. नाव धोत्र्याचं असलं, तरी नात्याने मी अफूचा चुलतभाऊ. तिचा थाट मात्र माझ्या वाट्याला आला नाही. पानाला काटे, देठाला काटे, बोंडालाही काटे! लोक मला तण म्हणतात आणि वळसा घालून जातात.

मी रुजलो एका कोरड्या दफनभूमीत, एका इवल्याशा ढिगाऱ्यावर, अगदी उशाशी. खाली एक बोबडं बोलणारी मुलगी झोपली होती. वर दगड नव्हता. तिचा बाप पाथरवट. "विकतचा दगड नको, तिचा दगड मीच घडवून आणीन," असं सांगून तो दूरच्या कामावर निघून गेला होता.

आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. तिने तिथे लावलेली फुलझाडं शेळ्यांनी फस्त केली होती. माझ्या वाटेला मात्र शेळ्या जात नाहीत. ती मला उपटायलाच आली, तेव्हा माझं पहिलं फूल उमललं होतं. आमच्या पाकळ्या जन्मतःच सुरकुतलेल्या. ती बघतच राहिली.

"काय रे, असा चुरगळलेला सदरा घालून पोरीजवळ उभा राहतोस? आण इकडे, इस्त्री करून देते!"

आणि ती हसली. मग हसता हसता रडली.

तेव्हापासून ती डब्यातून पाणी आणायची. अर्धं मला घालायची आणि लेकीशी गप्पा मारत बसायची. वाऱ्याने ढिगारा केव्हाच सपाट झाला. आजूबाजूला माझे पिवळे भाऊबंद माजले. पांढरा मी एकटाच. ती लांबूनच मला ओळखायची आणि सरळ चालत यायची.

एके दिवशी पाथरवट आला. घरी न जाता, हातगाडीवर दगड घेऊन थेट इथेच. काटे बघून त्याचा चेहरा उतरला. "माझ्या पोरीला काट्यांत ठेवलंय!" म्हणत त्याने नुसत्या हातांनी आम्हाला उपटलं. आमचा पिवळा चीक आणि त्याचं रक्त एक झालं. मग सवयीप्रमाणे त्याने एकेक खड्डा बुजवला, तळहाताने जमीन गुळगुळीत केली. पाथरवटाचा हात तो!

मागून ती डबा घेऊन आली.

"अहो, पांढरं फूल कुठंय?"

"कसलं फूल? नुसते काटे होते. सगळं साफ केलंय बघ. दगड कुठे बसवू, तेवढं सांग."

तिच्या हातातला डबा पडला.

"अहो, त्या फुलाखालीच होती हो ती..."

दोघं गुडघ्यांवर बसून जमीन चाचपत राहिली. मी दफनभूमीच्या भिंतीकडेला, उपटलेल्या तणाच्या ढिगात पडून ओरडत होतो, पण माझं कोण ऐकणार? त्या बापावर मला रागावताही येत नाही.

आता मी सुकत चाललोय. शेजारीच तो दगड भिंतीला टेकून उभा आहे. त्यावर लेकीचं नाव फार सुरेख कोरलंय.

मला उपटलं तेव्हा माझं एक वाळलेलं बोंड तिथेच फुटलं आणि बिया तिच्या उशाशी सांडल्या. म्हणून हात जोडून सांगतो, पुढच्या हंगामात त्या मोकळ्या जमिनीवर काटेरी रोप दिसलं, तर लगेच उपटू नका. फूल येईपर्यंत थांबा. पांढरं आलं, तर तिच्या आईला हाक मारा.