ठेका कुणाच्या नावावर

"सगळं ठीक आहे पुतळाबाई, फक्त नाव सुंदराबाईंचं घालू," असं म्हणत कारखान्याच्या साहेबांनी करारनामा सुंदरापुढे सरकवला.

पुतळाबाईनं मधेच कागदावर हात ठेवला. कुंभिवलीच्या नव्या कारखान्यात कामगारांच्या जेवणाचा ठेका मिळावा म्हणून ती कधीपासून खेटे घालत होती. बाई खमकी! कारखाना अचानक बंद राहिला तर शिजलेलं अन्न कुणाच्या गळ्यात, तांदूळ महागला तर दर वाढणार का, सगळं तिनं लिहून घेतलं होतं. नावावरून अडेल हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"चूल माजी, भांडी माजी. मंग नाव तिचं का वो?"

साहेब माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "तुम्ही बौद्ध. काही कामगार कुरकुरतील. कागदावर सुंदराबाई मालकीण, स्वयंपाक तुमचाच. कुणाला कळतंय?"

सुंदरा कुणब्याच्या घरची, पुतळाबाईकडे रोजानं भाकऱ्या थापणारी. बसल्या जागी मालकीणपण चालून आलं होतं. दुसरी कुणी असती तर लगेच अंगठा उठवून मोकळी झाली असती.

"सायेब," सुंदरा म्हणाली, "उद्या आमचं बिनसलं, नि ह्यो कागद दावून मी हिला हिच्याच चुलीवरनं उठवली, तर तुमी मधी पडाल का?"

"छे! तसं कशाला होईल?"

"झालं तर काय, त्याच्यासाठीच कागद करत्यात ना? जिची चूल तिचं नाव लिवा. नायतर मी बी भाकऱ्या थापणार नाय."

साहेबांनी पुतळाबाईचं नाव घातलं. पण पहिल्या आठवड्यात निम्मे कामगार जेवले नाहीत तर ठेका रद्द, हेही खाली लिहिलं. सुंदरानं साक्षीदार म्हणून अंगठा दिला.

बाहेर आल्यावर पुतळाबाईनं तिचा हात धरला. "सुंदरे, तुजं उपकार जन्मात इसरणार नाय गं."

"उपकार कसलं? चल, तांदूळ दळायचं हायेत."

पहिल्या दिवशी जेवणाची घंटा झाली. कामगार दारातच घुटमळले. आत कुणी येईना. पुतळाबाई उगाच आमटी ढवळत राहिली.

सुंदरानं हाताचं पीठ धुतलं आणि सगळ्यांदेखत पंगतीत जाऊन बसली. "वाढ गं, भूक लागलीय."

पुतळाबाईनं वाढलं. सुंदरानं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास खाल्ला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मीठ कमी हाय गं, पुतळे!"

दारात हशा पिकला. एक म्हातारा फिटर चपला काढून तिच्या शेजारी बसला. मग दुसरा. दोघे-तिघे तोंड फिरवून गेले, गेले तर गेले. बघता बघता पंगत भरली.

मीठ आणायला आत गेलेली पुतळाबाई बरणी पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून उभी होती. बाहेर तिच्या नावानं हाका चालल्या होत्या, "पुतळाबाई, भाकरी आणा!"