एकसष्टाव्या पानावरची पूलवाली

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मला स्वतःला वाचता येत नाही. हसू नका. तुम्हाला तरी स्वतःची पाठ कुठे दिसते? माझ्या पोटात एकशे बारा पानं आहेत, पण त्यांत काय लिहिलंय ते मला कळतं ते तुम्ही मोठ्याने वाचता तेव्हाच. त्यामुळे लोकांनी माझी गोष्ट जशी वाचली, तशीच मीही मानत आलो. त्यात एका बाईवर मोठा अन्याय झाला.

माझा जन्म एका छोट्या छापखान्यात झाला. खळीचा वास, दोऱ्याची पक्की शिलाई, निळं कापडी कव्हर. आम्ही पाचशे भावंडं एकाच दिवशी बाहेर पडलो. बाकीची कुठे गेली, देव जाणे. मी या वाचनालयात आलो आणि मुलांच्या कपाटात, हाताला येईल अशा खालच्या फळीवर बसलो. खालची फळी म्हणजे मानाची जागा, बरं का! वरच्या फळीवरचे जाडजूड ग्रंथ नुसते धूळ खायचे. मला मात्र श्वास घ्यायला फुरसत नसे.

माझी गोष्ट अशी. एका निरोप्याला आजारी बहिणीसाठी औषध घेऊन नदीपलीकडे जायचं असतं. नदीवर एक उचलता पूल असतो. चाक फिरवलं की तो वर जातो, उलटं फिरवलं की खाली येतो. चाकाशी एक बाई बसलेली असते, पूलवाली. पूल वर उचललेला असतो. निरोप्या हात जोडतो, रडतो, पण ‘त्या दगडाच्या काळजाच्या बाईने फक्त मान हलवली.’ मग तो पठ्ठ्या पुरात उडी घेतो, पोहून जातो आणि बहिणीला वाचवतो.

एकसष्टाव्या पानावर पूलवालीचं चित्र आहे. नाक वाकडं, ओठ घट्ट मिटलेले, दोन्ही हात चाकावर. दर शनिवारी वाचनालयात मुलांचं मंडळ बसायचं आणि हे पान आलं की सगळी पाय आपटत ओरडायची, “पूल खाली! पूल खाली!” मग कुणी तिला पेन्सिलीने मिशा काढायचं, कुणी शिंगं. ग्रंथपालबाई वर्षातून एकदा खोडरबराने तिचं तोंड पुसायच्या आणि पंधरा दिवसांत शिंगं पुन्हा उगवायची. एका मुलाने तर कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन तिचा डावा डोळाच फोडला. आरपार भोक पडलं. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मनात म्हटलं, बाईच्या कर्माची फळं, मी काय करणार! तो मुलगा पुढे मोठा झाला आणि चौकात शिलाईचं दुकान टाकून बसला. लोक त्याला शिंपीकाका म्हणू लागले.

वर्षं गेली. बाइंडरने मला नवं कव्हर घातलं आणि कडा इतक्या छाटल्या, की मी अंगाने निम्मा झालो. आणि त्या वर्षी, कपाट उघडून, एका मुलीने मला उचललं.

ती रेल्वेच्या फाटकवाल्याची मुलगी. शाळेत तिला सगळे ‘फाटक’ म्हणूनच हाक मारायचे, कारण फाटक बंद असलं की शाळेला उशीर व्हायचा, आणि उशीर झाला की छडी. बापाचा राग लेकीवर निघायचा. पण त्या महिन्यात प्रकरण हाताबाहेर गेलं होतं. शिंपीकाका बायकोला बाळंतपणासाठी रिक्षातून नेत होते आणि फाटक बंद. त्यांनी विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, फाटकावर मुठी आपटल्या. फाटकवाल्याने फाटक उघडलं नाही. मालगाडी गेली तेव्हा अकरा मिनिटं झाली होती, आणि पोरगी रिक्षातच जन्मली होती. आई ठणठणीत, बाळ ठणठणीत, पण शिंपीकाकांचं डोकं ठणकतच राहिलं. त्यांनी अर्ज लिहिला. ‘या दगडाच्या काळजाच्या माणसाची ताबडतोब बदली करावी.’ हे शब्द त्यांनी कुठून उचलले, ते मला बरोबर ठाऊक होतं.

तो अर्ज सह्यांसाठी वाचनालयाच्या टेबलावर ठेवला होता, कारण पेपर वाचायला सगळं गाव तिथेच यायचं. रविवारनंतर तो वरच्या कचेरीत जाणार होता. बदली झाली तर त्या बापलेकींना घर सोडावं लागणार होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे तो डाग घेऊन जावं लागणार होतं.

त्याच रविवारी मंडळाचा कार्यक्रम होता. माझी गोष्ट करून दाखवायची होती. निरोप्या व्हायला सात जण तयार. पूलवाली व्हायला कोण? मंडळातला सर्वांत आगाऊ मुलगा म्हणाला, “फाटकला द्या की! तिच्या घरचंच काम आहे ते.” सगळे खो-खो हसले.

मुलीचे कान लाल झाले. पण ती म्हणाली, “करते. फक्त आधी पुस्तक घरी नेऊ द्या.”

अशा रीतीने मी पहिल्यांदा फाटकाच्या चौकीत गेलो. एक खाट, एक टेलिफोन, एक लाल आणि एक हिरवा झेंडा, भिंतीवर गाड्यांच्या वेळा. मुलगी पालथी पडून मला पहिल्या पानापासून मोठ्याने वाचत होती. अठ्ठावन्नावं पान आलं. हे पान मंडळ कायम गाळायचं. नदीचं वर्णन, कंटाळवाणं, चला पुढे! इतक्या वर्षांत मी स्वतःही ते कधी ऐकलं नव्हतं.

ती वाचत होती, “नदी फुगली होती. धुक्यात काठ दिसत नव्हता. वरच्या अंगाला कुठेतरी भोंगा वाजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.”

ती थांबली. उठून बसली.

“बाबा, धुक्यात होडीचा भोंगा वाजला तर?”

बाप झेंड्याची काठी पुसत होता. “मला होडीतलं काय कळतंय? पण भोंगा कुणी हौसेने वाजवत नाही, बाळा. भोंगा म्हणजे वाटेत माणसं आहेत.”

“आणि पूल खाली असता तर?”

“तर आदळली असती की होडी. कपाळमोक्षच.”

“पण मग ती त्याला सांगत का नाही तसं?”

बापाने काठी कोपऱ्यात उभी केली. मग म्हणाला, “मी त्या दिवशी सांगितलं होतं गं, गाडी आलीये म्हणून. दोनदा सांगितलं. त्या आरडाओरड्यात कुणाला ऐकू जाणार?”

मित्रांनो, मला तेव्हा काय वाटलं, कसं सांगू? मी ओशाळलो. अख्खी होडीभर माणसं माझ्या पोटात होती आणि मला पत्ता नव्हता! ज्याने मला लिहिलं त्याला तरी होता का? का त्याने भोंगा नुसता ओळ भरायला वाजवला? तो आता विचारायला उरला नाही. पण भोंगा वाजलाय, तो छापलेला आहे, आणि खोडरबराने पुसला जात नाही.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथपालबाईंपुढे उभी राहिली. बाई म्हणाल्या, “हे बघ, पुस्तकात नाही ते बोलायचं नाही. मंडळाचा नियम आहे.”

“पुस्तकात आहे तेवढंच बोलणार. पण सगळं. अठ्ठावन्नावं पानसुद्धा. आणि खेळ बरोब्बर चार वीसला सुरू करायचा.”

“चार वीसच का?”

“करायचाच. नाहीतर दुसरी पूलवाली शोधा.”

बाईंना दुसरी कुठे मिळणार होती? त्यांनी मान डोलावली. मुलगी वळली आणि तिची नजर टेबलावरच्या अर्जावर गेली. चौथी सही बाईंची होती. बाई पुटपुटल्या, “सगळे करत होते गं, मीही केली.” मुलीने मला छातीशी धरलं आणि ती तालमीला गेली. तीन दिवस तिने तालीम केली. खेळात गोष्ट मोठ्याने वाचायला एक मुलगा होता, त्याने अठ्ठावन्नावं पान गाळलं की ती त्याला पुन्हा मागे न्यायची. तो वैतागला, रडकुंडीला आला, पण शेवटी वळणावर आला.

रविवारी वाचनालय गच्च भरलं. शिंपीकाका पुढच्याच रांगेत, खांद्यावर ते रिक्षातलं बाळ, खिशात टेबलावरून उचललेला अर्ज. फाटकवाला आला नव्हता, तो कामावर होता. पुलाचं चाक म्हणून सायकलचं चाक मांडलं होतं, त्याच्याशी मुलगी उभी राहिली. तिने वाकडं नाक लावलं नव्हतं.

वाचणारा मुलगा वाचत होता. “धुक्यात काठ दिसत नव्हता. वरच्या अंगाला कुठेतरी भोंगा वाजला.”

आणि मित्रांनो, भोंगा वाजला! खराखुरा! चार चाळीसची गाडी फाटकाकडे येत होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. खिडक्यांची तावदानं थरथरली. वेळापत्रकाच्या भिंतीखाली वाढलेली पोर ती, तिचा हिशेब मिनिटाने चुकला नव्हता.

निरोप्याने हात जोडले. सवयीने दोन-तीन मुलांनी पाय आपटले, “पूल खा...” आणि ती मध्येच गप्प झाली. मुलीने भोंग्याच्या दिशेला पाहिलं, निरोप्याकडे पाहिलं, चाक घट्ट धरलं आणि फक्त मान हलवली. पुस्तकात आहे तेवढंच. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात सुटले नाहीत. गाडी धडधडत निघून गेली, तोवर कुणी हललं नाही.

बाळ दचकून रडायला लागलं. त्याला थोपटत शिंपीकाका पुढे आले आणि त्यांनी मला हातात घेतलं. एकसष्टावं पान काढलं. फुटक्या डोळ्यावर बोट ठेवलं.

“हे मी केलं होतं,” ते म्हणाले. “आठ वर्षांचा होतो.” मग मुलीला विचारलं, “त्या दिवशी, फाटकावर... मालगाडी किती लांब होती गं?”

“दिसत नव्हती, काका. वळणापलीकडे होती. पण भोंगा वाजला होता.”

त्यांनी खिशातला अर्ज काढला, घडी घातली आणि त्या पानात ठेवून मला मिटलं. तो परत मागायला कोणी आलं नाही. अजून माझ्या पोटात आहे.

फाटकवाल्याला कुणी हार घातला नाही. फाटक बंद असलं की लोक आजही चरफडतात. पण माझ्या शेजारी आता एक जाड वही असते, आणि मुलं त्यात पूलवालीच्या नव्या गोष्टी लिहितात. कुणी तिच्या तोंडून पत्र लिहिलंय. कुणी तिला निरोप्याची हरवलेली मावशी केलंय. एकीने तर तिचं नावाड्याशी लग्न लावून दिलं, मला विचारलंही नाही! सगळंच मला पटतं असं नाही. पण तिला शिंगं काढण्यापेक्षा तिचं लग्न लावलेलं बरं.

मित्रांनो, माझी शिलाई आता सैल झाली आहे. मला जपा, ओल्या हातांनी धरू नका, पानं दुमडू नका. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. कुणाचा डोळा फोडायला हात शिवशिवला, तर आधी तीन पानं मागे या. तुम्ही गाळलेल्या पानावर भोंगा वाजत असेल.