ब्याण्णव अर्थांचा तक्ता

माझ्या हाताखालून शेकडो मुलं गेली. त्यांत मठ्ठ होती, आळशी होती, एक तर खडू खायचा. पण मनापासून तुच्छ वाटावं असं कुणी भेटलं नव्हतं. तो मान डायरेक्टरने पटकावला.

डायरेक्टर हा माझाच जुना विद्यार्थी. सातचा पाढा त्याच्या गळी उतरवायला मला अख्खं सत्र लागलं होतं. आता तो हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर इंग्रजीचा क्लास चालवतो. चाळीस मुलं, एक पंखा, आणि दारावर त्याचा स्वतःचा फोटो, खाली ‘डायरेक्टर’. हाताची घडी, निळा ब्लेझर, आणि इंग्रजी भाषा आपल्या आजोबांनी काढली असावी असा चेहरा.

त्याची सगळी विद्या एका तक्त्यात मावते. ‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचे ब्याण्णव अर्थ, प्रत्येकाला नंबर, वर प्लास्टिकचं आवरण. उठणे एक, आणणे चार, भिजणे सतरा, रागावणे तेवीस, पोचणे एकतीस. सर अर्थ ओरडणार, मुलांनी नंबर ओरडायचा. पूर्ण वाक्य बोलणारा बाकावर उभा. का, तर वाक्यात वेळ जातो!

हे मला कळलं ते भिंगरीमुळे. भिंगरी म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी बाई इस्त्रीचं टेबल लावते, तिची बारा वर्षांची मुलगी. एका जागी उभी राहील तर शपथ. दुपारी चार वाजता माझ्या पुढच्या खोलीत पाच-सहा मुलं अभ्यासाला येतात, त्यांत तीही असते; सगळी डायरेक्टरच्या क्लासलाही जातात. एक दिवस गुडघा फोडून आली.

“अगं, काय झालं?”

“अठ्ठावन्न,” ती म्हणाली.

बाकीची पोरं खिदळली. एकाने विचारलं, “आई तेवीस झाली का गं?” दुसरी म्हणाली, “ही तर रोजचीच सत्तर!” मला वाटलं, पोरांना ताप चढलाय. मग सगळा उलगडा झाला. अठ्ठावन्न म्हणजे लागणे, दुखापत होणे. सत्तर म्हणजे बोलणी खाणे.

“मग त्याचं वाक्य कर की.”

भिंगरीने दाराकडे पाहिलं, जणू डायरेक्टर तिथे कान लावून उभा होता. “वाक्य नाही करायचं, बाई.”

दुसऱ्या दिवशी मी जिना चढून वर गेले. डायरेक्टरने खुर्ची पुढे केली, तेवढे संस्कार माझेच.

“अरे, ही मुलं बोलणार कधी?”

“बाई, तुमचा काळ वेगळा होता. आता रिझल्ट लागतो.” बाहीवरची नसलेली धूळ त्याने झटकली. “तुम्ही वर्षभरात किती शब्द शिकवायचात? मी एका शब्दात ब्याण्णव देतो.”

“तुला स्वतःला येतात का रे ब्याण्णव?”

“मला तक्ता पाठ आहे,” तो अभिमानाने म्हणाला. माकडाच्या हाती कोलीत परवडलं, ते निदान तक्ता तरी छापत नाही.

खाली उतरले तर इस्त्रीवाली टेबलापाशी थांबवून म्हणाली, “बाई, तुम्ही वर काही बोललात का? पाया पडते, बोलू नका. तिची इथली शाळा सातवीला संपते. पुढच्या रविवारी क्लासच्या कार्यक्रमाला मोठ्या वसतिगृहाच्या शाळेच्या हेडबाई येणार आहेत. एका मुलीला ठेवून घेणार, राहणं-जेवणं-शिकणं सगळं त्यांचं. सर भिंगरीला पुढे करणार आहेत. नाहीतर...” तिने नजरेनेच टेबलाची दुसरी बाजू दाखवली. तिथे एक जास्तीची इस्त्री ठेवलेली होती.

टेबलावरच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर डायरेक्टरचा ब्लेझर होता. तो नेहमीच वर असायचा. क्लासच्या बदल्यात त्याचे कपडे, आणि तेही सगळ्यांच्या आधी. बाईचा घाम अंगावर चढवून हा फोटो काढणार.

मी पुन्हा वर गेले नाही. पण चार वाजता भिंगरीला समोर घेतलं.

“तुला भूक लागते. पायाला ठेच लागते. वाऱ्याने दार लागतं. मामाला नोकरी लागते. हे तुला कुणी नंबर घालून शिकवलं?”

ती हसली. “त्यात काय शिकवायचं? जे झालं ते बोलायचं.”

“मग इंग्रजीतही तसंच. आधी काय झालं ते डोळ्यांसमोर आण. मग बोल. चुकलीस तर चुकलीस.”

चार दिवस आम्ही तेवढंच केलं. घागर, जिना, मांजर, बस. ती अडखळायची, बोटांवर नंबर शोधायची. मी तिचे हात धरून ठेवायचे. “बोटं नको गं, तोंड वापर.” पण क्लासमध्ये पुन्हा बाकावर उभं राहण्याची धास्ती होतीच. चार दिवसांत ती कितीशी जाणार?

रविवारी क्लास खच्चून भरला. बाकं भिंतीला सरकवली होती, फुगे लावले होते, भाषेशी त्यांचा काय संबंध ते डायरेक्टरलाच ठाऊक. हेडबाई साध्या, जाड चष्म्याच्या. इस्त्रीवाली दारातच उभी होती, आत ये म्हटलं तरी येईना. डायरेक्टर ब्लेझर घालून फिरत होता, पाठीवर हाताएवढा ओला डाग घेऊन.

“भिजणे!” तो गरजला.

“सतरा!”

“सुटका होणे!”

“चव्वेचाळीस!”

भिंगरी एकाही ठिकाणी चुकली नाही. टाळ्यांवर टाळ्या. डायरेक्टर असा वाकला की मला वाटलं आता गाणं म्हणतो. टाळ्या थांबेपर्यंत हेडबाई थांबल्या.

“छान पाठ आहे,” त्या म्हणाल्या. “बाळ, आज सकाळपासून काय काय केलंस? जमेल तसं इंग्रजीत सांग.”

भिंगरीचं तोंड उघडलं आणि मिटलं. बोटं हलू लागली. मग तिने डायरेक्टरकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, “सर, सकाळचा कितवा नंबर?”

कुणीतरी फसकन हसलं. मग सगळेच हसले. डायरेक्टर दातांतून पुटपुटला, “एक, एक! एकपासून घे!”

“नंबर नको,” हेडबाई म्हणाल्या. “सकाळ सांग.”

दारात आईने पदराचं टोक चावायला घेतलं होतं. भिंगरीने मुठी आवळल्या, बोटं आत. डोळे मिटले.

“आय गेट अप,” ती म्हणाली. “आय गेट वॉटर. बकेट फॉल. आय गेट वेट. मदर गेट अँग्री.”

“व्हाय अँग्री?” हेडबाईंनी विचारलं.

भिंगरीने डोळे उघडून ब्लेझरकडे बोट केलं. “वॉटर गेट ऑन सर्स कोट.”

सगळा क्लास डायरेक्टरच्या पाठीकडे बघायला लागला. त्याने पाठ भिंतीला टेकवली, तर फुगा फुटला. हेडबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. “पुढे?”

“मदर आयर्न, आयर्न. नॉट ड्राय. वी गेट लेट. वी रन. वी गेट हिअर.”

व्याकरण लंगडं होतं. पण त्या खोलीत महिनोन्‌महिन्यांत इंग्रजीत काही सांगणारी ती पहिलीच. हेडबाईंनी तिथल्या तिथे तिचं नाव लिहून घेतलं, आणि दाराशी जाऊन आईचा हात हातात घेतला.

लाज असती तर डायरेक्टर आठवडाभर दिसला नसता. दुसऱ्याच दिवशी जिन्याखाली फलक लागला: ‘ब्याण्णव अर्थांची कमाल! आमची विद्यार्थिनी मोठ्या शाळेत!’ खाली भिंगरीच्या फोटोसाठी रिकामी चौकट, शेजारी आधीच त्याचा फोटो.

मी भाजी घेऊन येत होते, तेव्हा तो इस्त्रीच्या टेबलावर ब्लेझर टाकून म्हणत होता, “अर्ध्या तासात हवा. फोटोग्राफर येतोय. मुलीलाही तयार ठेव.”

इस्त्रीवालीने ब्लेझर उचलला. नीट घडी घातली. मग गठ्ठा एका हाताने वर धरला, ब्लेझर सगळ्यांत खाली सरकवला, आणि वरचा कुणाचा तरी पायजमा ओढून घेतला.

“तुमच्या आधी अकरा जणांचे आहेत,” ती म्हणाली. “आणि मुलगी कापडं आणायला गेलीय, वसतिगृहाची.”

“अगं, पण माझं काम—”

“उभं राहायचं तर सावलीत राहा, सर.”

तो माझ्याकडे वळला. “बाई, जरा सांगा ना हिला.”

मी पिशवी खाली ठेवली, शेजारच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, “सांगते. आधी अकरापर्यंत मोज.”