पखवाजाला लावलेली चिकणमाती

जवळ सरका मायबापहो, निजामाच्या राज्यातली एक गंमत सांगतो. चौसाळ्याच्या धोंडीरामानं पखवाज घुमावा म्हणून डाव्या तोंडाला थापायला भिजवलेली कणीक दर कीर्तनाआधी त्याची शेळी फस्त करायची. एके दिवशी कीर्तनकार बुवांनी बजावलं, आज पखवाज घुमला नाही, तर दुसरा वादक बघतो. म्हणून त्यानं कणकेऐवजी विहिरीतली पांढरी चिकणमाती थापली. शेळीनं नुसती हुंगून तोंड फिरवलं.

पखवाज काय घुमला म्हणता! पण वाळत आलेल्या चिकट मातीनं ऐन अभंगात धोंडीरामाचा तळहातच धरून ठेवला. हात उचलला की पखवाजही वर!

"आरं, धोंड्याला देव भेटला!" मंडळी उठून नाचायला लागली.

बुवांनी मिठी मारली. "हाच माझा वादक!"

"आधी हात सोडवा बुवा!"

"देव भेटलाय म्हनं!" बायकांतून त्याची बायको केशरबाई तांब्या घेऊन उठली. "मातीनं धरलंय त्येंला!" तिनं पाणी ओतलं, तेव्हा कुठं हात सुटला.

कीर्तनात देवाचं नाव घ्याल, तेव्हा केशरबाईलाही आठवा.