हळदकुंकवाच्या नोटा

चकलांब्यात कुणीतरी आवई उठवली की बँक बुडाली. मग काय, शाखा उघडायच्या आत अख्खं गाव दारात. रुक्मिणीबाई सगळ्यांत पुढे. ऊसतोडीतून साठवलेला तिचा पैसा आत होता आणि उद्या लेकीची, दिपालीची नर्सिंगची फी भरायची होती.

मॅनेजर सत्यशीला मॅडमने शटर ओढलं नाही. होत्या तेवढ्या नोटा देत राहिली. रुक्मिणीबाईने मात्र हातातली गड्डी उलटीपालटी करून परत सरकवली.

"ह्या माझ्या न्हाईत. माझ्या नोटांना दिवाळीचं हळदकुंकू लावलेलं हाय."

रांगेत कुणी हसलं नाही. तिजोरीत ज्याचं त्याचं गाठोडं वेगळं असतं, अशीच अर्ध्या गावाची समजूत होती.

"मावशी, त्या कधीच पैसे काढायला आलेल्या दुसऱ्या कुणाच्या हाती गेल्या," मॅडम म्हणाली. "अन् कर्जाला तर नोटाही लागत नाहीत. शहादेवभाऊंना गिरणीसाठी कर्ज दिलं, तेव्हा तिजोरीतली एक नोट हलली नाही. त्यांच्या खात्यावर रक्कम लिहिली, तेवढा पैसा नवा जन्माला आला. जामीन तर तुम्हीच होता."

शहादेव तिचा दीर. त्याच्या गिरणीवर बसायला मिळालं म्हणून तर यंदा तिच्या हातातला कोयता सुटला होता. तो पैसा आपल्या शब्दावर जन्मला, हे तिला आज कळत होतं.

"म्हंजी लिवलेला पैसा लई, अन् नोटा कमी?"

"हो. सगळे एकदम आले की कमीच पडणार. पण आमच्या बँकेने सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून उसने घेतलेत. बीडहून नोटांची गाडी निघालीय."

रुक्मिणीबाईला फी आठवली. तरी ती बाजूला झाली.

"मी थांबते. आदी ह्या नाथाला द्या, त्याची बायको दवाखान्यात हाय."

ते पाहून मागचे चार-दोन जणही ओट्यावर टेकले. रेटारेटी थांबली. दुपारी गाडी आली, पेट्या उतरल्या आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. निम्मे लोक पैसे न काढताच रानात गेले.

रुक्मिणीबाईने फक्त फीपुरते काढले. कमरेच्या पिशवीतून हळदकुंकू काढून तिने कोऱ्या नोटांना बोट लावलं.

"मावशी, ह्याही परत यायच्या नाहीत," मॅडम म्हणाली.

"ठावं हाय, बाई. ज्याच्या हाती जातील त्याचा बी कोयता सुटू दे."