कडक ठेवलेले शॉकअप

भाऊजींच्या स्पोर्ट्स कारला आमच्या गॅरेजात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणा मेकॅनिकचा हात लागत नाही. तेव्हा जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायची सोयच नाही.

त्या शनिवारी ते रेसच्या ट्रॅकवर निघाले, म्हणून मी चाकांचे धक्के झेलणारे चारही शॉकअप, त्यांच्यावरचा स्क्रू सहा-सहा खटके फिरवून, कडक केले. ट्रॅक गुळगुळीत, तिथे कडक गाडी वळणावर कलत नाही, रस्ता धरून राहते. पण उखडलेल्या रस्त्यावर तीच गाडी टणाटण उडते, चाकं जमीन सोडतात. म्हणून ट्रॅकवरून आली की खटके मागे फिरवून शॉकअप परत मऊ करायचे, हा नियम माझाच.

संध्याकाळी भाऊजी फुशारक्या मारतच गॅरेजात शिरले. सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, तुम्ही नटबोल्ट पिळा, चालवणं आमच्यावर सोडा!" थट्टाच होती हो, पण माझं डोकं सणकलं. पाच मिनिटांचं काम. ते न करताच किल्ली त्यांच्या हातात कोंबली. "झालंय सगळं. न्या."

दुसऱ्या दिवशी भाऊजी चालवत होते, शेजारी ताई बसलेली. कालव्याजवळच्या खडबडीत वळणावर गाडी उसळली आणि भिंतीवर आदळली. ताईचा हात दोन ठिकाणी मोडला.

गाडी ओढून गॅरेजात आणली, तेव्हा मी आधी काय केलं असेल? गुपचूप खटके मागे फिरवले. शी! स्वतःची लाज वाटते.

भाऊजींनी विचारलं, "खरं सांग, गाडीत काही बिघाड होता?"

"नाही."

"मग माझंच चुकलं," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. बसने ऑफिसला जायचे. बोलणं तर जवळजवळ बंदच.

येता-जाता हे बघत महिना काढला, आणि मग एके दिवशी मी ताईकडे गेलो. ती डाव्या हातानं भाऊजींच्या शर्टाला इस्त्री करत होती, ते बाजूला मान खाली घालून बसले होते. मला राहवेना. एका दमात सगळं ओकून टाकलं. आता कानाखाली बसणार, म्हणून उभा राहिलो.

भाऊजींनी नुसतं वर पाहिलं. "म्हणजे वळण मी बरोबर घेतलं होतं?"

"हो, भाऊजी."

ते ओंजळीत तोंड लपवून रडायला लागले. ताईनं इस्त्री बंद केली.

"हाताचं जाऊ दे," ती मला म्हणाली. "तो भरून येईल. पण महिनाभर तू ह्यांना असं बघत होतास ना रे?"